मुहूर्त काढायच्या आधी व्हिसा ठरवा

आमच्याकडे लग्न जमलं की पहिला प्रश्न तारखेचा. गुरुजी, पंचांग, मंगल कार्यालय, सोयाबीनचे पैसे कधी हातात येतील त्याचा हिशोब. व्हिसा हा विषय लग्नानंतरचा, "ते तिकडचं तिकडं बघू" असा. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

मी देगलूर तालुक्यातली. नवरा न्यू जर्सीत जन्मलेला, त्याचे आईवडील मूळ निजामाबादचे, म्हणजे आमच्या गावापासून सीमा ओलांडली की शेजारीच. २०२१ च्या दिवाळीआधी आम्ही के-१ म्हणजे 'वाग्दत्त वधूचा' अर्ज केला. पुढे आजी अंथरुणाला खिळली. "माझ्या डोळ्यादेखत अक्षदा पडू द्या" एवढंच तिचं मागणं. तो मे २०२२ मध्ये तीन आठवड्यांची रजा काढून आला आणि दारातल्या मांडवात आमचं लग्न लागलं. नांदेडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी वर सल्लाही दिला: "नोंदणीच करू नका ना, अमेरिकेला कळायलंय काय?" सुदैवाने आम्ही ऐकलं नाही. के-१ हा ज्यांचं लग्न अजून झालेलं नाही त्यांचाच व्हिसा. अक्षता पडल्या त्या दिवशी आमचा अर्ज निकामी झाला. सात महिने आणि तेव्हाची ५३५ डॉलर फी गेली, आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. आजी त्या सप्टेंबरात गेली. पैशांचं मला वाईट वाटत नाही. पण हे आधी माहीत असतं तर पहिला अर्जच वेगळा केला असता.

खालचं सगळं मुख्यतः अमेरिकेचं आहे, कारण मी त्यातून गेले. दुसऱ्या देशांबद्दल मधे थोडं आहे.

१. "सिटिझन आहे" म्हणजे नेमकं काय, ते कागदावर बघा

आपल्याकडे स्थळ सांगणारा एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यालाही सिटिझन म्हणतो आणि ग्रीन कार्डवाल्यालाही (कायमचा रहिवासी, पण नागरिक नव्हे). तिन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाच्या रांगेत नंबर लावावा लागत नाही, फक्त अर्ज तपासायला लागेल तो वेळ. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा वर्ग एफ-२ए, त्याला दरवर्षीच्या कोट्याची मर्यादा असल्याने रांग लागते. एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. तो तात्पुरता, मुख्य माणसाच्या नोकरीला बांधलेला. के-१ तर फक्त नागरिकालाच मागता येतो.

अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. तुम्ही सातबारा बघितल्याशिवाय जमिनीचा इसार देत नाही. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम बघा, तो पुढे अर्जालाही लागतोच. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. गावकीत बसून बाँडपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी व्हिसा अधिकाऱ्यापुढे टिकवणं फार अवघड जातं. आधी कोर्टातून डिक्री घ्या, मग पुढचं बोला. परदेशस्थ नवऱ्याने फसवल्याच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांचा वेगळा कक्ष आहे, हेही मुलीकडच्यांनी ठाऊक ठेवावं.

२. अक्षता कुठे पडणार, त्यावर रस्ता ठरतो

लग्न अमेरिकेत करायचं तर के-१. भारतात किंवा आणखी कुठे आधी करायचं तर जोडीदाराचा व्हिसा, ज्याला सीआर-१ किंवा आयआर-१ म्हणतात. मधला रस्ता नाही.

के-१ असा चालतो: नागरिक असलेला जोडीदार आय-१२९एफ हा अर्ज भरतो. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं प्रत्यक्ष भेटलेले असायला हवं. व्हिडिओ कॉल धरत नाहीत. मंजुरीनंतर मुंबईत मुलाखत, मग व्हिसा. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच माणसाशी लग्न करायचं, त्यानंतर आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागायचं. लग्न मोडलं तर परत यायचं. दुसऱ्याशी लग्न करून किंवा दुसऱ्या व्हिसावर उडी मारून तिथे राहता येत नाही.

सीआर-१ मध्ये लग्न आधी. लग्नाच्या दाखल्यासह आय-१३० हा अर्ज भरायचा. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, उत्पन्नाचे आणि आपले कागद अपलोड करायचे, मग मुंबईत मुलाखत. विमानतळावर शिक्का पडला की तुम्ही कायमचे रहिवासी. कार्ड मागून पोस्टाने येतं.

लोक वेळेवरून भांडतात: के-१ लवकर की सीआर-१? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा. हा वेग दरवर्षी बदलतो, यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) संकेतस्थळावर त्या महिन्याचा वेळ बघून घ्या. माझ्या दुसऱ्या अर्जाला व्हिसा हातात पडेपर्यंत सतरा महिने लागले. खरा फरक उतरल्यानंतर कळतो. सीआर-१ वाली दुसऱ्या दिवशीपासून नोकरी करू शकते, घरी कोणी गेलं तर लगेच विमानात बसू शकते. के-१ वालीला कामाचा परवाना हाती येईपर्यंत घरात बसावं लागतं, आणि प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात. माझी एक मैत्रीण वडिलांच्या तेराव्याला येऊ शकली नाही ती यामुळेच. तिने व्हिसा लवकर मिळाला म्हणून के-१ निवडला होता.

पैशाचा हिशोब, १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनी: के-१ ला अर्ज ६७५, व्हिसा २६५, तिथे गेल्यावर आय-४८५ चे १,४४०, म्हणजे २,३८० डॉलर, कामाच्या परवान्याचे २६० वेगळे. सीआर-१ ला आय-१३० कागदावर ६७५ (ऑनलाइन ६२५), उत्पन्नाच्या कागदांची तपासणी १२०, व्हिसा ३२५, कार्डाची फी २३५, म्हणजे १,३५५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. फी भरायच्या दिवशी आकडे पुन्हा तपासा, हे दर अधूनमधून वाढतात.

मग के-१ कोणी घ्यावा? ज्यांना लग्न तिकडेच करायचंय, ज्यांच्या घरी इथे लग्न लावणं शक्य नाही, किंवा ज्यांना आधी एकमेकांच्या देशात राहून बघायचंय. बाकी सगळ्यांना मी सीआर-१ सांगते.

साखरपुडा के-१ ला चालतो. हवाच, उलट तो पुरावा आहे. पण "नुसत्या चार अक्षदा टाकून घेऊ, नोंद मागून" हे करू नका. मंगळसूत्र, सप्तपदी, हार घातलेले फोटो दिसले की अधिकारी तुम्हाला विवाहित धरू शकतो, नोंदणी असो वा नसो. आणि आमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ चार दिवसांत अख्ख्या भावकीच्या फोनवर असतो, हे सांगायला नको.

आणखी एक खड्डा, खास आपल्या भागातला. मामाच्या किंवा आत्याच्या पोराशी लग्न आपल्याकडे रीतीचं आहे. अमेरिकेत राज्यागणिक कायदा बदलतो: कॅलिफोर्नियात अशा भावंडांचं लग्न चालतं, टेक्ससमध्ये बंदी आहे. स्थळ नात्यातलं असेल तर मुलगा कोणत्या राज्यात राहतो ते आधी विचारा आणि एकदा वकिलाचे पैसे खर्च करा. एरवी मी वकील सुचवत नाही, इथे सुचवते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे लग्न करून राहून जायचं, ही आयडिया प्रत्येकाला कोणी ना कोणी देतंच. तिकडेच राहायचं मनात असताना "फिरायला चाललेय" असं अधिकाऱ्याला सांगणं म्हणजे खोटी माहिती, आणि त्यापायी कायमची बंदी लागू शकते. कोणी "ग्रीन कार्डसाठी लग्न लावून देतो" म्हणाला तर चहासुद्धा पिऊ नका. कागदावरच्या लग्नाला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

३. त्यांनीच इकडे यायचं, हाही एक रस्ता आहे

याचा विचारच कोणी करत नाही. परदेशी जोडीदाराला भारतीय नागरिकाची पत्नी किंवा पती म्हणून एक्स वर्गातला एंट्री व्हिसा मिळतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आल्यास १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे, अर्ज ऑनलाइन. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात राहायची मुभा देणारं) मागता येतं; भारतातून अर्ज केल्यास फी १५,००० रुपये. तो माणूस किंवा त्याचे आईवडील, आजीआजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली चालते. हाच नियम उद्या तुम्ही अमेरिकन नागरिक झालात तर तुम्हालाही लागेल, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर हिस्सा असलेल्या मुलींनी हे आत्ताच लक्षात घ्यावं.

परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (आमच्या वेळी त्याला फॉर्म सी म्हणत) भरायचा असतो. आमच्या गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. नवरा आला तेव्हा अख्खं गाव बघायला आलं, फॉर्म मात्र तिसऱ्या दिवशी भरला गेला.

४. दुसरा देश असेल तर

ब्रिटनमध्ये वाग्दत्त व्हिसा सहा महिन्यांचा असतो आणि ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराची वर्षाची कमाई किमान २९,००० पौंड लागते. कॅनडात वाग्दत्त व्हिसाच नाही, लग्न करूनच जायचं. जर्मनीला जाणाऱ्या जोडीदाराला निघण्याआधी सहसा ए-१ म्हणजे सुरुवातीच्या पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ती होते. म्हणजे स्थळ जर्मनीचं असेल तर साखरपुड्याच्या आधी शिकवणी लावलेली बरी.

५. लग्न इथे असेल तर नोंद कशी

दोघं हिंदू असाल (कायद्याने यात बौद्ध, जैन, शीखही आले) तर विधीने लग्न करून नोंद करता येते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने खेड्यात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका-महापालिका ही नोंद करते. ९० दिवसांच्या आत करा. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी परदेशी पासपोर्टावरून नाव उतरवताना एक अक्षर गाळलं होतं. मी तिथल्या तिथे धरलं म्हणून वाचलो. दाखला हातात आला की पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर लावून वाचा, मगच चहा प्या.

धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. इथेच तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्यांची फजिती होते. नोटीस दिल्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं, नोटिशीआधी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला हवा, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हायला हवं. तीन साक्षीदार लागतात. परदेशी जोडीदाराने अविवाहित असल्याचा कागद आणायचा. ती नोटीस कार्यालयात लावतात, म्हणजे घरच्यांना सांगायचं राहिलं असेल तर आधी सांगा.

६. कागद, म्हणजे खरी लढाई

यादी: पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स (पोलीस ठाण्याचा दाखला चालत नाही), आधीचं लग्न असेल तर डिक्री, फोटो, जोडीदाराचं उत्पन्न आणि करविवरणं. बाकी सगळं जमतं. अडतो तो जन्मदाखला.

आधी कुठे शोधायचा ते नीट समजून घ्या. जन्माची नोंद तुम्ही जिथे वाढलात तिथे नसते, जिथे जन्म झाला तिथे असते. पहिलं बाळंतपण माहेरी. मी आमच्या ग्रामपंचायतीत तीन चकरा मारल्या, आणि नोंद निघाली कंधार तालुक्यात मामाच्या गावी. त्या पिवळ्या पडलेल्या रजिस्टरात बोट ठेवत भाऊसाहेबांनी वाचलं: अकरा नोव्हेंबर. माझ्या टीसीवर, दहावीच्या सनदेवर आणि पासपोर्टवर १ जून.

१ जूनची गोष्ट इथल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या वर्गात चाळीसपैकी निम्म्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेला. मुंबईतल्या अधिकाऱ्याला मात्र ती एका माणसाच्या दोन जन्मतारखा दिसतात. मी काय केलं: शाळेचा प्रवेश निर्गम उतारा काढला, तारखेतला फरक सांगणारं माझं प्रतिज्ञापत्र जोडलं, आई आणि मामाची दोन प्रतिज्ञापत्रं जोडली. मुलाखतीत विचारलं, मी जसं होतं तसं सांगितलं. माझं निभावलं. पण तुमच्या हातात वर्षभर असेल तर आधीच तारखा एक करून घ्या, त्यात चार-सहा महिने सहज जातात.

नोंदच सापडली नाही तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला त्याच कार्यालयातून घ्या आणि त्याला शाळेचा दाखला व जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. हे चालतं. दलालाकडून 'नवा जन्मदाखला' बनवून घेणं चालत नाही. उशिरा काढलेल्या नोंदींकडे तसंही संशयाने बघतात.

नावाचंही बघा. लग्न झालं की आपल्याकडे वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, कधी मुलीचं पहिलं नावही बदलतात. अर्ज चालू असताना पासपोर्टला हात लावू नका. मी माहेरच्या नावावरच सगळं पार पाडलं. सासूबाईंची त्याला हरकत नव्हती, आमच्या काकांची मात्र होती.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं, खाली "मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे" असं लिहून सही करावी. नोटरी लागत नाही. मी पहिल्या वेळी नोटरीवर चार हजार घालवले. भाषांतर शक्यतो तुम्ही स्वतः किंवा नवऱ्याने करू नये.

७. कमाईचं हमीपत्र

अमेरिकन जोडीदार आय-८६४ वर सही करून तुमची आर्थिक जबाबदारी घेतो. कमाई तिथल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के हवी. के-१ च्या मुलाखतीला आय-१३४ हे हमीपत्र आणि १०० टक्के पुरतात, पण ग्रीन कार्डाच्या वेळी आय-८६४ येतोच. कमी पडलं तर तिथला दुसरा कोणी सहहमीदार होऊ शकतो. वडिलांची वीस एकर इथे कामाची नाही. मालमत्ता तुमच्या किंवा हमीदाराच्या नावावर आणि वर्षभरात पैशात बदलता येईल अशी लागते. ही हमी घटस्फोटानेही संपत नाही, हे सही करणाऱ्याला सांगा.

८. नातं खरं आहे हे दाखवायचं

लोक गप्पांचे पाचशे पानांचे स्क्रीनशॉट देतात, ते कोणी वाचत नाही. भेटीची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, दोन्ही घरच्यांसोबतचे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो, एकत्र खातं किंवा विम्यात वारस म्हणून नाव. मी लग्नपत्रिका, मंडप आणि आचाऱ्याची पावती, आणि आहेराच्या वहीची दोन पानं भाषांतरासह दिली होती. त्या वहीत निजामाबादकडच्या चौदा घरांचे आहेर तारखेसह लिहिलेले होते. माझ्या मते माझ्या फाइलीतला सगळ्यात बोलका कागद तोच.

९. तपासणी आणि मुंबई

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. छातीच्या एक्स-रेवर जुना डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी करतात, तिला आठ आठवडे लागतात. घरात किंवा तुम्हाला कधी टीबी झाला असेल तर उपचाराचे जुने कागद आधीच शोधून ठेवा आणि मुलाखतीच्या आठवड्यात तपासणी ठेवू नका.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात, बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या दिवशी. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत पोचता येतं, पण त्याच सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच जा. गाडीच्या भरवशावर इतकं टाकू नका. आत मोबाइल नेता येत नाही. प्रश्न साधे असतात: कुठे भेटलात, लग्नाला कोण होतं, तो काय करतो. मला "दोघं घरी कोणत्या भाषेत बोलता?" विचारलं. मी म्हटलं, तो तेलुगूत भांडतो, मी मराठीत. बाई हसल्या.

१०. उतरल्यावरची एक तारीख

अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. झालेली असतील तर दहा वर्षांचं. लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ असेल आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल तर काही आठवडे उशिरा निघणं फायद्याचं पडतं. दोन वर्षांच्या कार्डावर मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा पक्कं कार्ड मागायचा अर्ज भरायचा. विसरलात तर रहिवासाचा हक्कच जातो. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं.

माझी मुदत डिसेंबर २०२५ ची होती, खिडकी सप्टेंबरात उघडली. तारीख मी फोनमध्ये टाकली होती. आईने ती देगलूरकडच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवली होती, आणि पहिला फोन तिचाच आला: "भरलीस का गं ते?"